हॅमॉकसाठी हलकी रजई घरी शिवायची असेल, तर आधी पाठीखालची शिवा

प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत दोन झाडांमध्ये हॅमॉक, म्हणजे कापडी झोळी, बांधून झोपतो. वर चांगली स्लीपिंग बॅग असते, तरी मध्यरात्रीनंतर पाठ आणि कंबर गार पडते. घरी आईचं साधं शिलाई मशीन आहे. त्यावर हलकी, उबदार रजई शिवता येईल का? कापड आणि भराव कोणता घ्यावा? आणि दोघांसाठी मिळून एकच शिवली तर चालेल का?

शिवता येते, आणि साध्या सरळ टिपेच्या मशीनवर उत्तम येते. पण तुमच्या मनात बहुधा अंगावर घ्यायची रजई आहे. ती थोडी थांबू द्या. तुमची तक्रार पाठीची आहे, आणि अंगावर कितीही जाड पांघरलं तरी तिच्यावर इलाज होणार नाही.

ऊब कापडाची नसते, भरावाचीही नसते. भरावाच्या तंतूंनी जागच्या जागी अडवून धरलेल्या हवेची असते. ती हवा हलली नाही तर शरीराची उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. हॅमॉकमध्ये तुम्ही स्लीपिंग बॅगवर झोपता, तेव्हा पाठीखालचा तिचा भाग तुमच्या वजनाने चेपून पापडासारखा होतो. त्यात हवा उरतच नाही. जमिनीवर झोपलात तर खाली निदान मॅट आणि माती असते. इथे खाली मोकळा वारा असतो आणि तो रात्रभर पाठीची उष्णता ओढून नेतो. म्हणून तापमान २० अंशांच्या आसपास आलं तरी बऱ्याच जणांची पाठ कुरकुरायला लागते, आणि ते थंडीचे दिवसही नसतात.

यावर उपाय म्हणजे रजई हॅमॉकच्या आत न घेता बाहेरून, खालच्या अंगाने टांगायची. तिच्यावर वजन पडत नाही, म्हणून ती फुललेली राहते. हॅमॉकवाले तिला अंडरक्विल्ट म्हणतात, मी खालची रजई म्हणेन. ही आधी शिवा. वरून घ्यायला तूर्त तुमची स्लीपिंग बॅग चेन उघडून पसरली तरी काम भागतं. खालच्या रजईला मात्र घरात पर्याय सापडत नाही. फोमची मॅट हॅमॉकमध्ये घालून बघता येते. ती चालते, पण रात्री सरकते आणि तिच्यावर पाठीला घाम येतो.

किती ऊब लागेल ते आधी ठरवा. सह्याद्रीच्या उंच भागात हिवाळ्यात पहाटेचं तापमान ८ ते १२ अंश असणं नेहमीचं आहे. पण मुक्कामाची जागा मोठा फरक पाडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याच पहाटे गावातलं तापमान तलावापेक्षा काही अंश जास्त असतं. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत खोलगट जागेत आणि पाण्याकाठी साचते. तेव्हा हॅमॉक अगदी तळाशी न बांधता उताराच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाला बांधलात तर रजईत एक ग्रॅमही न वाढवता ऊब मिळते. (झाडं कोणाची आहेत आणि तिथे मुक्कामाला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. राखीव जंगलात आणि अनेक गडांवर रात्री राहायला मनाई असते.) मी तुम्हाला ५ अंशांपर्यंत चालेल अशी रजई शिवायला सांगेन. थोडी जास्तच वाटली तर दोरी सैल सोडून ऊब कमी करता येते, उलटं करता येत नाही.

आता भराव. घरी रजई शिवणाऱ्यांमध्ये जगभर चालतो तो क्लायमाशील्ड एपेक्स हा पॉलिस्टरचा भराव. त्याचे तंतू तुटक नसून सलग, लांबच लांब असतात. त्यामुळे तो चादरीसारखा एकसंध राहतो, कडेला शिवला की पुरे होतं, मधे टीप मारावी लागत नाही. चौरस मीटरला ८५ ग्रॅमचा साधारण १० अंशांपर्यंत, १२२ ग्रॅमचा ४-५ अंशांपर्यंत आणि १७० ग्रॅमचा शून्याच्या जवळपास चालतो, असा शिवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तुमच्यासाठी १२२ चा. तो आपल्या बाजारपेठेत सहज दिसत नाही, परदेशातून मागवावा लागतो किंवा तिकडून येणाऱ्या कुणाला सांगावं लागतं.

तोवर अडून बसू नका. जाकिटं आणि रजया शिवणारे वापरतात ते पॉलिस्टर वॅडिंग शहरातल्या अस्तर-भरावाच्या दुकानांत मीटरवर मिळतं, आणि त्याची जाडीही चौरस मीटरच्या ग्रॅममध्येच सांगतात. १५० ग्रॅमचं घ्या. त्याचे तंतू आखूड असतात, म्हणून ते एपेक्सइतकं फुलत नाही, काही हंगामांनी बसतं, आणि मधे बांधून घ्यावं लागतं. पण पहिल्या रजईसाठी मला ते मनापासून योग्य वाटतं. उशीत भरतात तो सुटा फायबर मात्र घेऊ नका, तो सगळा एका कोपऱ्यात जमा होतो. कापूस तर नकोच. पिंजलेल्या रुईची दुलई घरात छान, पण दव आणि घाम पिऊन ती जड होते आणि पाठीवरच्या पिशवीत तिचं ओझं वेगळंच.

मधे बांधण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हात आपोआप गोधडीच्या वळणावर जातो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्यांना एकत्र धरायला जवळजवळ धावदोरा घालणं बरोबरच आहे. फुललेल्या भरावात तसा दोरा घातला की प्रत्येक टिपेखाली जाडी शून्य होते आणि तिथून थंडी आत येते. वॅडिंग असेल तर ओळी घालू नका. साधारण २५ सेंटीमीटरवर एकेक सुटा टाका आरपार घाला आणि गाठ सैल मारा, इतकी सैल की भराव तिथे खळगा पडण्याइतका दबू नये. एपेक्सला तेही लागत नाही.

कापडाला तीन गोष्टी हव्यात : हलकं असावं, वारा अडवावा आणि वाफ बाहेर जाऊ द्यावी. सगळ्यांत चांगलं म्हणजे चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅमचं रिपस्टॉप नायलॉन, ज्यात बारीक चौकडीचे जाड धागे विणलेले असतात आणि फाटलं तर चीर त्या चौकडीशी अडते. ते न मिळाल्यास जाकिटाच्या अस्तराचं दाट विणीचं पॉलिस्टर टॅफेटा घ्या, ते ६० ग्रॅमच्या आसपास असतं. दुकानात ‘पॅराशूट’ म्हणून जे दाखवतात त्यात बरंचसं कापड रेनकोटचं असतं, त्याला मागून प्लास्टिकचा लेप असतो. ते नको. शरीरातून रात्रभर निघणारी वाफ लेपाला अडते, भरावात पाणी होऊन बसते आणि पहाटे रजई ओलसर लागते. परीक्षा सोपी आहे. कापड ओठांना घट्ट लावून फुंका. जोर लावल्यावर थोडी हवा पलीकडे गेली तर घ्या. काहीच गेली नाही तर लेप आहे. सहज गेली तर वीण विरळ आहे, वारा आत शिरेल आणि भरावाचे तंतूही बाहेर डोकावतील. वजनाची खात्री करायची तर मीटरभर घेऊन सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर तोला आणि पन्ह्याने भागा.

मशीनला ११ नंबरची नवी सुई लावा. जुनी सुई या कापडाचे धागे ओढते आणि मग सबंध टिपेच्या बाजूने सुरकुती पडते. दोरा पूर्ण पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. टाका ३ मिलीमीटरच्या जवळ ठेवा. आपल्याला बारीक टाका म्हणजे मजबूत असं वाटतं, पण पातळ नायलॉनवर बारीक टाका म्हणजे फाडायच्या पावतीवरची छिद्रांची ओळ. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि उरलेल्या तुकड्यावर टीप मारून बघा. टाचण्या फक्त शिलाईच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडात, टोचा. मधे टोचलेली भोकं राहतात. मी कपडे वाळत घालायचे लहान चिमटेच वापरतो. कापलेल्या कडा फार उसवतात, त्यांना फरशीवर ठेवून तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने हलकेच वितळवून घ्या, खिडकी उघडी ठेवून.

खालच्या रजईचं माप मानेपासून पोटऱ्यांपर्यंत पुरेल एवढं पुरे : भराव १३२ बाय ११२ सेंटीमीटर. पोटऱ्यांखाली रिकामी सॅक किंवा फोमचा तुकडा सरकवला की भागतं. आतलं कापड, म्हणजे हॅमॉकला टेकणारं, १३८ बाय ११८. बाहेरचं १३८ बाय १२५. बाहेरचं रुंदीला ७ सेंटीमीटर जास्त आहे ते मुद्दाम. रजई तुमच्याभोवती अर्धगोल वळते, तेव्हा बाहेरच्या कापडाला आतल्यापेक्षा लांबचा रस्ता पडतो. अर्ध्या वर्तुळात हा फरक जाडीच्या सव्वातीनपटीला किंचित कमी येतो. भराव सव्वादोन सेंटीमीटर जाड असेल तर ७ सेंटीमीटर. दोन्ही कापडं सारखी कापली तर वळल्यावर बाहेरचं ताणलं जातं, भराव चेपतं, आणि एवढी मेहनत करून ऊब नेमकी पाठीच्या मध्यावर कमी होते. विकतच्या स्वस्त रजयांत हा फरक अनेकदा ठेवलेला नसतो. घरी शिवण्याचा मला सगळ्यांत मोठा फायदा इथे दिसतो.

आता शिवण. आतल्या कापडाच्या उलट बाजूवर भराव मधोमध पसरा, चारी बाजूंना ३ सेंटीमीटर कापड मोकळं राहील. भरावाच्या कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत कच्ची टीप मारून तो कापडाला धरून घ्या. मशीनचे दात भरावाचे तंतू ओढायला लागले तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि मग ती फाडून काढा. हे झालं की बाहेरच्या कापडाच्या दोन्ही आखूड कडांना चुण्या घालून ७ सेंटीमीटर सामावून घ्या. चुण्या एकाच जागी गोळा करू नका, रुंदीभर पसरा. मग दोन्ही कापडं सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने १ सेंटीमीटर मायेवर टीप मारा. एका लांब कडेला ४० सेंटीमीटर उघडं ठेवा. आखूड कडांवर दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटीमीटर सोडून द्या, तिथून पुढे दोरी बाहेर येणार आहे. उघड्या तोंडातून रजई सुलट करा. कोपरे आतून बोटाने ढकला, कात्रीच्या टोकाने नको.

उघडं तोंड हाताने शिवून बंद करा आणि कडेपासून अडीच सेंटीमीटर आत चारी बाजूंनी वरून टीप मारा. या टिपेत भरावाची कड अर्धा सेंटीमीटर धरली जाते, आणि टिपेच्या बाहेर पायजम्यासारखा नेफा तयार होतो. चारी टिपा कोपऱ्यात एकमेकींना टेकल्या की तिथेच वळवा. एकही टीप कापडाच्या कडेपर्यंत नेऊ नका, नाहीतर कोपऱ्यात नेफा बंद होतो आणि दोरी जात नाही. कोपऱ्यांवर दोन-तीन वेळा पुढे-मागे टीप मारून मजबुती द्या. रजई तिथूनच लटकणार आहे.

लांब नेफ्यांतून ३ मिलीमीटर जाडीची इलॅस्टिक दोरी घाला, प्रत्येकी सुमारे ३ मीटर. जास्तीची पुढे कापता येईल. आखूड नेफ्यांतून बारीक दोरी आणि तिला सॅकच्या नाडीला असतो तसा दाबायचा लॉक. ही ओढली की टोक चुणून हॅमॉकला बिलगतं. एपेक्स आणि हलकं नायलॉन वापरलंत तर सगळी मिळून सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम भरते. वॅडिंग आणि टॅफेटाची साडेचारशेच्या आसपास.

टांगणं हे शिवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि इथे घाई केली तर चांगली रजईही निकामी ठरते. आधी हॅमॉक नीट बांधा : दोरीचा जमिनीशी कोन ३० अंश, आणि वर दोन टोकांना जोडणारी आडवी दोरी असेल तर ती हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के. म्हणजे ३.३ मीटरच्या हॅमॉकला २.७४ मीटर. एवढा झोळ असला की तिरकं झोपून पाठ सरळ होते. रजईच्या इलॅस्टिकची टोकं हॅमॉकच्या दोन्ही गोळा केलेल्या टोकांना अडकवा. तुम्ही आत तिरके झोपा आणि बरोबरच्याला सांगा की हॅमॉक आणि रजई यांच्यामध्ये हात सरकवून बघ. हात पाठ, कंबर आणि खांदे या सगळीकडे किंचित अडत पुढे जायला हवा. कुठे मोकळी पोकळी लागली तर तिथे थंड वारा खेळणार, इलॅस्टिक थोडं आवळा. हात जाईचना तर रजई दाबली जाते आहे, सैल करा. तुम्ही तिरके झोपत असल्याने रजईही थोडी त्याच दिशेने सरकवावी लागते. जागा जमली की इलॅस्टिकला गाठी मारून टाका, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात शोधाशोध नको.

ही झाली की वरची शिवणं अगदी सोपं वाटेल. उंचीपेक्षा २५ सेंटीमीटर जास्त लांबी, खांद्यापाशी १३० आणि पायाशी १०० सेंटीमीटर रुंदी. जमिनीवर झोपणाऱ्यांना याहून रुंद लागते, हॅमॉकच्या बाजू वर येत असल्याने आपल्याला लागत नाही. पन्हा बहुधा दीड मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे जोड द्यावा लागत नाही. हिच्यात भराव एक पायरी हलका चालेल, ८५ ग्रॅमचा, कारण अंगात कपडे आणि डोक्याला टोपी असतेच. पायाकडच्या ५० सेंटीमीटरला टिचबटणं लावा आणि टोकाला नेफा ठेवा. थंडीत पायाची पिशवी होते, उकडलं तर सपाट पांघरूण. चेन लावू नका, तिचं वजन होतं आणि तिच्या रेषेतून गारवा येतो.

काही जण विचारतात की पिसांचा भराव का नाही. हिमालयात कोरड्या थंडीत जायचं असेल तर जरूर विचार करा. ८०० फिल पॉवरचं डाउन म्हणजे २८ ग्रॅम पिसं सुमारे १३ लिटर जागा फुलून भरतात, त्याच्या जवळपासही पॉलिस्टर पोचत नाही. पण पिसं ओली झाली की बसतात, आपल्याकडच्या दवाळ पहाटेला ती जोखीम आहे. शिवाय ती जागेवर राहण्यासाठी आत जाळीच्या उभ्या पट्ट्यांचे कप्पे शिवावे लागतात. पहिली रजई त्याची करू नये असं माझं ठाम मत आहे.

मुक्कामाला पोचलात की रजई लगेच पिशवीतून काढून टांगा, फुलायला अर्धा तास तरी द्या. शेकोटीपासून दूर ठेवा, एक ठिणगी नायलॉनमधून आरपार जाते. घरी आल्यावर वाळवा आणि कपाटात सैल ठेवा किंवा टांगा. पिशवीत दाबून महिनोन्‌महिने ठेवलेलं पॉलिस्टर पुन्हा पहिल्यासारखं फुलत नाही. क्वचितच धुवा, हाताने, सौम्य साबणाने, सॉफ्टनर न घालता. इस्त्री अजिबात नको.

दोघांसाठी एक रजई मात्र नको. एका हॅमॉकमध्ये दोघं झोपले तर दोघंही मध्यावर घरंगळतात, वजन वाढल्याने झोळ बदलतो आणि खालच्या रजईची जुळवलेली जागा सुटते. दोन हॅमॉक, दोन खालच्या रजया. कापड दोन्हींचं एकदमच घ्या, मापंही एकदमच आखा. दुसरी शिवायला पहिलीच्या निम्माच वेळ लागतो.